कप्तानाचं नाव

रामकिशनमामांचा आवाज लातुरात त्यांच्या गल्लीला नवा नव्हता. एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात त्यांचा उभा जन्म गेला, पण लोक त्यांना ओळखायचे ते वाचणारे मामा म्हणून. पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालायचं आणि तो मान त्यांचाच. माईक बंद पडला तरी चौकातल्या टपरीवर बसलेल्याला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं आणि जीभ जड पडली. मुलगी पंचशीला नांदेडच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. ती वडिलांना नांदेडला घेऊनच आली. हातपाय हळूहळू वळणावर येऊ लागले, मामा काठी घेऊन अंगणात फिरू लागले, पण बोलणं काही सुधरेना. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, "रोज मोठ्यानं वाचायला लावा. काहीही वाचू द्या, पण मोठ्यानं."

पंचशीलानं विहारातला तो ग्रंथच पुढं ठेवला. मामांनी तो डोक्याला लावला आणि बाजूला सरकवला.

"ह्यो न्हाई," ते म्हणाले. "वाकड्या जिभंनं ह्यो वाचणार न्हाई मी."

मग तिनं वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. मराठीत भाषांतर झालेली, नॉर्वेतल्या कुठल्याशा बेटावरची, खुनाची. तिचा हिशोब साधा होता. खून कुणी केला हे कळेपर्यंत माणूस पुस्तक सोडत नाही, आणि त्यातली नावं अशी की चांगल्या जिभेचाही व्यायाम व्हावा.

तो हिशोब बरोबर निघाला. मामा त्या पुस्तकात रुतूनच बसले. त्यातली मुख्य बाई होतीच तशी. राग्नहिल्ड तिचं नाव. साठीला आलेली, धिप्पाड, डोक्याचा चकोट केलेली, पोलिसातून काढून टाकलेली. पोलिसात असून रक्त बघितलं की हिला चक्कर यायची. कुणाशी गोड बोलणं तिला जमायचं नाही. मेलेल्या माणसाच्या बायकोला ती तोंडावर विचारायची, "तुम्हाला बरं वाटलं का हो, हा मेल्यावर?" आणि राहायची कुठं, तर बंदरावर टाकून दिलेल्या एका जुन्या बसमध्ये. बसचं वाचल्यावर मामांनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं होतं.

"बशीचं इंजिन हाय का काढून नेलंय?" त्यांनी पंचशीलाला विचारलं. "हाय वाटतं. म्हंजी चालू होऊ शकतीया."

जिभेला नावं पेलत नव्हती, म्हणून मामांनी ती आपल्या मापानं कापून घेतली. राग्नहिल्डची रागिणाबाई झाली. डॉक्टर हाल्वोर होता, तो हलबोरे झाला. फेरीबोटीचा कप्तान गुन्नार रोज सकाळी बसच्या पायरीवर येऊन तिला ताजी मासळी द्यायचा, तिच्याबरोबर कॉफी प्यायचा. तो झाला गुणाजी. साऱ्या बेटावर ह्या बाईशी धड बोलणारा तो एकटा.

"हिचं लगीन गुणाजीसंगं लागाया पायजे," मामा म्हणायचे. "मानूस सोन्यावानी हाय."

रोज संध्याकाळी ओसरीवर हे वाचन चालायचं. एका वाक्याला तीनदा अडखळत, ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ रुमालानं टिपत. पंचशीला भाजी निवडत ऐकायची. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसू लागल्या. जावई प्रीतम मात्र आत असायचा.

प्रीतम पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होता. माणूस वाईट नव्हता. दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या त्यानंच केल्या होत्या, सासऱ्याला उचलून रिक्षात बसवलं होतं, कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. पण ते वाचन त्याला सहन होत नसे. तो तुटका, ओला आवाज भिंतीतून आत यायचा आणि त्याच्या अंगावर शहारा यायचा. एकदा मामांना घेऊन पंचशीला व्यायामाला गेली, तेव्हा त्यानं सहज ते पुस्तक उचललं. पुस्तकं वाचायची त्याला सवय नव्हती. त्यानं शेवटची पानं उघडली, खुनी कोण ते बघितलं आणि पुस्तक होतं तिथं ठेवून दिलं.

त्याच आठवड्यात त्यानं ऑफिसातल्या महांतेश साहेबांना चहाला बोलावलं. साहेब उदगीरकडचे, बदली होऊन नवेच आले होते, आणि प्रीतमच्या घरी त्यांची ही पहिलीच खेप. त्यानं सोफ्याची खोळ बदलली, मिठाई आणली. सकाळीच पंचशीलाला हळूच म्हणाला, "मामांना आज आत बसवलं तर?"

"का?" तिनं विचारलं.

"तसं काही नाही. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

पंचशीला त्याच्याकडं बघत राहिली आणि कामाला निघून गेली. तेव्हा प्रीतमनं स्वतःच मामांच्या कानावर घातलं, "मामा, आज संध्याकाळी आमचे साहेब येणार आहेत बरं का."

त्याला म्हणायचं होतं ते मामांना कळलं नाही. संध्याकाळी तो साहेबांना घेऊन आला, तर मामा धुवट पांढरा सदरा घालून, दाढी करून, पुस्तक मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेले. पाहुण्यांसाठी ते तयार झाले होते.

"जय भीम, साहेब," मामांनी डाव्या हातानं काठी सावरत उठायची धडपड केली.

"जय भीम, बसा बसा." साहेब आत न जाता तिथंच खुर्ची ओढून बसले. "काय वाचताय?"

"खुनाचं हाय. नारवेचं."

"मग वाचा की हो. मलापण ऐकू द्या."

मामांनी घसा खाकरला आणि सुरू केलं. रागिणाबाई बर्फातून हलबोरे डॉक्टरच्या दारात गेली होती. एकेक शब्द दगडासारखा ओढून आणावा तसा येत होता. एका जोडाक्षराशी ते अडले, परत मागं गेले, परत अडले. लाळेची तार सदऱ्यावर लोंबली. साहेब हसत होते. प्रीतमला वाटलं, मामांना हसताहेत. त्याचे कान तापले.

"आणि गु... गुणाजी म्हनला..."

"मामा, पुरे आता!" प्रीतम एकदम बोलला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "त्या कप्तानानंच खून केलाय. शेवटी तेच निघतं. कशाला खामखा जीव शिणवताय?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"अरेरे," साहेब म्हणाले, "सांगूनच टाकलंत की हो तुम्ही."

मामांनी एकदा जावयाकडं पाहिलं. मग रुमालानं तोंड पुसलं, सदऱ्यावरचा डाग पुसायला गेले, तो पसरला. पुस्तक मिटलं.

"हाव का?" एवढंच ते म्हणाले.

चहा झाला, मिठाई झाली, साहेब उठले. फाटकापाशी प्रीतम त्यांना सोडायला गेला तेव्हा ते म्हणाले, "छान वाचतात हो तुमचे सासरे. माझ्या वडलांनापण असंच झालं होतं. आम्ही कुणी वाचायला लावलं नाही. शेवटी शेवटी ते बोलायचेच बंद झाले." आणि गाडीत बसून गेले.

प्रीतम फाटकाची कडी धरून तसाच उभा राहिला. साहेब हसत होते ते कशाला, हे आता त्याला कळलं होतं.

रात्री ताट वाढताना पंचशीलानं एकच विचारलं, "ते पुस्तक वाचलंत तरी का तुम्ही?"

"शेवट बघितला होता."

तिनं भाकरी वाढली आणि ती निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मामा ओसरीवर आले नाहीत. डोळे दुखतात म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारणी डोकावून गेल्या. पुस्तक खिडकीत पडून राहिलं. मामांचं बोलणं "हाव" आणि "न्हाई"वर आलं, मग नुसतं मानेवर. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "काय झालं? इतके पुढं आले होते." बाई उत्तरासाठी प्रीतमकडं बघू लागल्या तेव्हा तो पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेला. माफी मागावी असं त्याला रोज वाटायचं. पण माफी मागायची तर कशाची मागायची हे सांगावं लागणार, आणि ती खुन्याचं नाव फोडल्याची नव्हती, हे तो मनातून जाणून होता.

म्हणून त्यानं सोपी वाट धरली. एका संध्याकाळी तो मामांच्या खाटेपाशी जाऊन बसला आणि हसत म्हणाला, "मामा, तुम्ही तर खरंच धरून बसलात. मी थट्टा केली होती. कप्तान नाहीच खुनी."

मामा बघत राहिले.

"आईशपथ," प्रीतम म्हणाला.

त्याची आई वारलेली होती. शपथ कुणी मागितलीही नव्हती. लहानपणापासून विहारात हात जोडून तो पंचशील म्हणत आला होता, खोटं बोलणार नाही हे त्यातलंच एक, आणि जिचं नावच पंचशीला ठेवलं तिच्या बापापुढं तो मेलेल्या आईची खोटी शपथ घेऊन बसला होता. शब्द तोंडातून गेले आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं. पण मामांनी डावा हात खिडकीकडं केला.

"आना मग," ते म्हणाले.

वाचन पुन्हा सुरू झालं. आता प्रीतमला आत बसणं शक्य नव्हतं. ऑफिसातून येऊन तो ओसरीच्या पायरीवर बसायचा आणि ऐकायचा. आधी प्रायश्चित्त म्हणून बसायचा. मग कधी तरी त्याच्या लक्षात आलं, की ह्या टकल्या, फटकळ बाईसाठी आपण ऑफिसातून लवकर निघतो आहोत. ती कुणाला हवीशी वाटावी म्हणून काहीच करत नव्हती, आणि तरी तिच्यावर जीव जडत होता. गुणाजी मासळी घेऊन आला की मामांचा आवाज खुलायचा, आणि प्रीतम मान खाली घालायचा. मामांच्या डाव्या हाताखालची पानांची थप्पी जाड होत चालली होती, उजवीकडची पातळ. त्याची नजर पुन्हा पुन्हा तिकडंच जायची. पुस्तक वाचनालयानं परत मागितलंय असं सांगावं, असंही एकदा मनात आलं. तेही त्याच्यानं झालं नाही.

उन्हाळा लागला तशी मामांनी लातूरची ओढ घेतली. तब्येत बरीच सुधारली होती. लेक गाडीत बसवून द्यायला आली तेव्हा पुस्तक त्यांच्या काखेत होतं. शेवटची काही पानं राहिली होती. प्रीतमला हायसं वाटलं. जे व्हायचं ते आपल्या डोळ्यांआड होईल.

पण महिन्याभरानं वाचनालयाचा फोन आला आणि त्याच सुमारास प्रीतमला खात्याच्या कामासाठी लातूरला जावं लागलं. "येताना तेवढं पुस्तक घेऊन या," पंचशीला म्हणाली. अहमदपूर मागं पडेपर्यंत तो गाडीत मनाशी घोकत होता, मामांनी काही विचारलं तर काय म्हणायचं. काहीच सुचलं नाही.

लातुरात मामांची सून बुद्धप्रिया हिनं दार उघडलं. मामा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. तोंड बरंच सरळ झालं होतं. पुस्तक उशाला होतं.

"या प्रीतमराव. तुमचीच वाट बघून राहिलो," मामा म्हणाले. "शेवटचं तेवढं राह्यलंय. मुद्दाम ठिवलंय."

"मुद्दाम?"

"आज तुमी वाचा. माझा घसा बसलाय."

घसा काही बसलेला दिसत नव्हता. प्रीतमनं पुस्तक हातात घेतलं. पळून जावंसं वाटलं, पण बुद्धप्रिया पाण्याचा तांब्या ठेवून तिथंच टेकली होती. त्यानं वाचायला सुरुवात केली.

वादळ सुटलं होतं. राग्नहिल्ड फेरीबोटीवर चढली होती. खुन्याशी बोलायला ती एकटीच गेली होती. पुढच्या ओळीवर प्रीतमची नजर गेली. तिथं नाव होतं. गुन्नार. आईची शपथ डोळ्यांपुढं आली. आणि काय करतो आहोत हे कळायच्या आत त्यानं नाव बदललं.

"हाल्वोर पाठमोरा उभा होता," त्यानं वाचलं. "तिची चाहूल लागली तरी त्यानं वळून पाहिलं नाही. हाल्वोरनं... हाल्वोरनं सुकाणू घट्ट धरलं..."

मामा डोळे मिटून ऐकत होते.

"'तुला कळलंच ना शेवटी?' हाल्वोर म्हणाला. 'रोज सकाळी तुझ्या पायरीवर...'" प्रीतम थांबला. पायरीवर डॉक्टर कधी आलाच नव्हता. त्यानं ते वाक्य गाळलं, पुढच्यावर उडी मारली, तिथं मासळी होती. तीही गाळली. मग वाक्याला वाक्य लागेना. तो अडखळू लागला, मागं जाऊ लागला, शब्द शोधू लागला. चांगल्या जिभेचा, शिकलेला माणूस, आणि त्याला एक ओळ धड वाचता येईना.

"प्रीतमराव," मामांनी डोळे न उघडता विचारलं, "डाक्टर कवापासून बोट चालवाया लागला?"

बुद्धप्रियाला हसू आलं, पण प्रीतमचा चेहरा बघून ती उठली आणि आत गेली.

"लिवलंय तसं वाचा," मामा हळूच म्हणाले.

प्रीतमनं वाचलं. गुन्नारचं नाव घेऊन, एकही शब्द न गाळता वाचलं. राग्नहिल्ड त्याला म्हणाली, की मला पहिल्या आठवड्यातच संशय आला होता, पण तू यायचा थांबशील म्हणून मी विचारलं नाही. हे प्रीतमनं दोनदा वाचलं. पुस्तक संपलं तेव्हा लिंबाची सावली बाजेवरून सरकून भिंतीवर गेली होती.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"त्याच दिशी कळलं हुतं. मानूस रागात खरं बोलतो. खोटं बोलतो ते लाजंनं."

"मग एवढं सगळं का वाचलंत?"

"बाईला कसं कळतंय ते बघायचं हुतं." मामा जरा थांबले. आता त्यांना शब्द शोधावे लागत होते, पण जिभेमुळं नव्हे. "कप्तानाचं काय न्हाई, प्रीतमराव. पुस्तकाचा शेवट आज ना उद्या कळतोच. पन त्या दिशी साहेबाम्होरं तुमाला माझी लाज वाटली. व्हय का न्हाई?"

नाही म्हणणं सोपं होतं. प्रीतमनं पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

"हाव मामा," तो म्हणाला. "वाटली."

मामांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, आणि जाऊ द्या असंही म्हणाले नाहीत. तेवढं 'जाऊ द्या' ऐकायला प्रीतम कितीतरी वेळ थांबला. मग मामांनी आत हाक मारून जेवायला वाढायला सांगितलं. जेवताना ते वर्कशॉपातल्या गोष्टी सांगत राहिले. प्रीतम ऐकत ऐकत खात राहिला.

दुसऱ्या दिवशी काम उरकून तो निघाला तर मामा काठी घेऊन सोबत आले. "चौकापर्यंत येतो," म्हणाले. प्रीतमनं नको नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. पाय ओढत, थांबत थांबत दोघं चौकात आले. टपरीवर त्यांच्याच वयाची चार-पाच माणसं चहा पीत बसली होती. मामा थेट त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. श्वास लागला होता, ओठाच्या कोपऱ्यात लाळ आली होती, तीही त्यांनी पुसली नाही.

"हे आमचे जा... जावई," ते जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले. "नांदेडला असतेत. इंजिनेर हायत. माझं सगळं ह्येनीच केलं."

माणसं उठली. कुणी जय भीम घातला, कुणी हात हातात घेतला, एकानं बाकावर जागा केली आणि चहा सांगितला. मामा बाजूला काठीवर रेलून उभे होते आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, जावई पसंत पडला का ते.

प्रीतमनं चहाचा ग्लास घेतला. तो फार गरम होता. तरी त्यानं तो हातातच धरून ठेवला आणि मान वर केली नाही.